काळ्या रंगाखालचं शेपूट

माझ्या हातचा एक चार्ट शाळेच्या कपाटात बारा-तेरा वर्षं गुंडाळून पडला होता. त्याबद्दल मी घरी कधी बोललो नाही, स्टाफरूममध्ये तर नाहीच. आता पन्नाशी जवळ आली, सरळ रेघ मारताना हात जरासा थरथरतो. म्हणून एकदा सांगून टाकतो.

मी चित्रकलेचा शिक्षक. मोताळ्याकडच्या एका शाळेत आजवरची सगळी नोकरी गेली. चित्रकलेच्या तासाला पोरं खिडकीबाहेर बघतात, पण चार्ट म्हटलं की सगळ्यांना माझी आठवण येते. बेडकाचं हृदय, फुलाचा छेद, जिल्ह्याचा नकाशा, सगळं माझ्या हातचं. माझं काम स्वच्छ. कुठे ओघळ नाही, कुठे बोटाचा ठसा नाही. तपासणी आली की हेडमास्तर आधी माझे चार्ट भिंतीवर लावायला सांगत. या स्वच्छपणाचा मला फार अभिमान होता.

महाराष्ट्र राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. विज्ञानाला एक नवे सर आले. रजेच्या जागेवर, तात्पुरते. पिंपळगाव राजाकडच्या मळेवाल्या घरातले. सोमवारी गावाहून येताना पिशवीभर वांगी आणायचे आणि शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना वाटायचे. वर्गात सरळ वऱ्हाडीत शिकवायचे. ‘मले सांगा, पानी उतारालेच काऊन जाते?’ असं विचारायचे. स्टाफरूममध्ये आम्ही त्यांच्या बोलण्याची नक्कल करून हसत असू. सगळ्यात हुबेहूब नक्कल माझी होती. पण शाळा सुटल्यावरही पोरं त्यांच्याभोवती बसून राहत, आणि ते मला दिसत होतं.

एकदा त्यांनी खामगावच्या एका कॉलेजातून इंग्रजी विज्ञान मासिक आणलं. त्यात पानभर फोटो होता. एक दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा अफाट समूह. पुस्तकातल्या दीर्घिका भोवऱ्यासारख्या नीटस असतात. ही तशी नव्हती. एका बाजूला गोल चकती, आणि तिच्यातून निघालेलं लांबच लांब उजेडाचं शेपूट. शेपूट चकतीपेक्षाही लांब, मध्ये मध्ये पुसट. जवळ एक लहानसा ठिपका. मला तर छपाईत शाई पसरल्यासारखं वाटलं, आणि मी तसं म्हणालो.

ते हसले. म्हणाले, हा ठिपकाही दीर्घिकाच आहे, पण लहान. ती या मोठीतून आरपार गेली, तेव्हा मोठीतले तारे ओढले जाऊन हे शेपूट झालं. मी म्हणालो, मग तारे एकमेकांवर आपटले असतील. त्यांनी मला हाताला धरून फाटकाशी नेलं. गुरं परतायची वेळ होती. नाल्याच्या रस्त्यावर गावाचा मोठा कळप आणि पलीकडच्या वाडीचा लहान कळप समोरासमोर आले, एकमेकांतून गेले.

“पाहा भाऊ,” ते म्हणाले, “एक तरी गाय दुसरीले भिडली काय? नाई. पन आपल्या कळपातल्या चार-पाच पाहा, त्याईच्या मांगं चालल्या. लाइन धरून. तेच शेपूट.”

गुराखी शिव्या देत त्या पाच गाईंच्या मागे धावत होता. मी धुळीत उभा होतो आणि अंगावर काटा आला होता, हे आज कबूल करतो. त्या वेळी मी फक्त “असं होय” म्हणालो. पृथ्वीवर माणूस नव्हता तेव्हा निघालेला उजेड त्या फोटोत होता, आणि तो मला समजावला होता आमच्या नाल्यावरच्या गाईंनी. इतकं सोपं करून सांगणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

त्या हिवाळ्यात बुलढाण्याला शिक्षकांच्या साहित्याचं प्रदर्शन होतं. सरांनी हीच दीर्घिका घ्यायची ठरवली. रजेवरचे मूळ शिक्षक परत येणार नव्हते, जागा कायम भरायची होती. संस्थेच्या सेक्रेटरींनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की प्रदर्शनात नाव निघालं तर यांनाच कायम करू, नाहीतर जाहिरात देऊ. सरांचं लग्न नुकतंच झालं होतं. ते माझ्याकडे मासिक घेऊन आले आणि म्हणाले, “भाऊ, बाकी काही चुकलं तरी चालन. शेपूट तेवढं चुकू देऊ नोका. सगळी गोष्ट त्यातच हाये.”

मी जाड कागद कापडावर चिकटवला. काळ्या पोस्टर कलरचे दोन हात दिले. दात घासायचा जुना ब्रश पांढऱ्या रंगात बुडवून कंगव्यावरून ओढला की बारीक तुषार उडतात, तारे तसेच उडवले, सर शेजारी बसून बघत होते. शेपूट सुरेख साधलं. माझ्या हातून इतकं जिवंत काही तोवर उतरलं नव्हतं.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी हेडमास्तर डोकावले. “छान आहे,” म्हणाले, “पण हे काय सांडलंय?” मी म्हणालो, “पुसतो.”

अनेक वर्षं मी मनाशी हाच खुलासा धरून होतो की हेडमास्तर म्हणाले म्हणून. तो खोटा आहे. मी एक वाक्य बोललो असतो तर हेडमास्तर हो म्हणाले असते. ते निघून गेल्यावर मी चांगला अर्धा तास चार्टसमोर बसलो होतो. पोरांच्या घोळक्यातला सरांचा आवाज मैदानावरून येत होता. मला वाटलं, सगळं काय यांच्याच मनासारखं व्हायचं? चार्ट माझा आहे, आणि माझ्या चार्टवर डाग नसतो. मी काळा रंग कालवला आणि शेपूट बुजवलं. बाजूचा ठिपकाही बुजवला. उरली ती नीटस, गोल, देखणी चकती. सुकल्यावर चार्ट गुंडाळून ठेवला.

बुलढाण्याला चार्ट भिंतीवर चढवला आणि लगेच परीक्षक समोर आले. सरांना बघायला सवडच मिळाली नाही. ते छडी घेऊन बोलू लागले. घाबरून शुद्ध बोलायचा प्रयत्न करत होते. मग बोलण्यात गाईंचा कळप आला तसे वऱ्हाडीत घसरले आणि एकदम रंगले. परीक्षकांतले एक प्राध्यापक पुढे सरकून ऐकत होते. छडी चकतीच्या कडेवरून पुढे गेली, शेपटाच्या जागी आली आणि थांबली. तिथे काळं होतं.

“शेपूट कुठाय?” प्राध्यापकांनी विचारलं.

सर छडीच्या टोकाकडे बघत राहिले. मी दोन हात अंतरावर उभा होतो. ते माझ्याकडे वळले नाहीत.

“चूक माही हाये साहेब,” ते म्हणाले. “म्या सांगतलं नव्हतं बराबर.”

प्राध्यापकांनी काहीतरी लिहिलं आणि मंडळी पुढच्या टेबलाकडे गेली.

परतीला स्टँडवर मी चहा आणायला गेलो. टपरीवरून वळून बघतो तर सरांनी गुंडाळी थोडी उलगडली होती. पोस्टर कलरचा नवा हात जुन्यावर बसला की त्याची चमक वेगळी राहते. समोरून कळत नाही, उन्हात तिरपं धरलं की कळते. सरांनी चार्ट उन्हात तिरपा धरला होता. बराच वेळ बघितलं. मग हळूहळू गुंडाळला आणि सुतळी बांधली. मी चहा दिला. “चाय चांगली हाये,” एवढंच बोलले.

प्रदर्शनात नाव निघालं नाही. जाहिरात निघाली, दुसरे शिक्षक आले. सर मळ्यात परत गेले. मोताळ्याच्या बाजारात कधी भाजीच्या गाड्यापाशी दिसले की मी दुसऱ्या रांगेतून निघून जाई. त्यांच्या जागी आलेले सर चांगलं शिकवत. पण शाळा सुटली की पोरं घरी जात.

गेल्या वर्षी कपाट आवरताना तो चार्ट हाती आला. काळ्या रंगाला चिरा गेल्या होत्या. मी नवा कागद घेतला, कापडावर चिकटवला आणि ती दीर्घिका पुन्हा काढायला बसलो. मासिक केव्हाच हरवलं होतं, पण शेपूट मला पाठ होतं. चार रविवार लागले. इतक्या वर्षांनीही ते काढताना मन भरून येत होतं. एवढा मोठा ताऱ्यांचा मेळा कुणीतरी मधून गेल्याने ओढला जातो, लांबतो, पण विखरून नाहीसा होत नाही.

पाचव्या रविवारी गुंडाळी काखेत घेऊन पिंपळगाव राजाला उतरलो. सर वांग्याच्या वाफ्यात होते. केस पिकले होते. “या भाऊ,” म्हणाले, जणू मी परवाच भेटलो होतो. वहिनींनी पाणी दिलं. ओसरीवर मी चार्ट पसरला, त्यांनी चार कोपऱ्यांवर चार वांगी ठेवली.

वाटेत एसटीत मी काय बोलायचं ते घोकलं होतं. त्यातलं काहीच आठवेना. सर उकिडवे बसून बघत होते. शेपटावरून बोट फिरवलं, कागदाला न लावता.

“शेपूट तं झकास,” ते म्हणाले. “पन भाऊ, आरपार गेलेली कुठी हाये?”

मी बघितलं. लहान दीर्घिका चार्टवर नव्हती. चार रविवार मी शेपूट काढत होतो, आणि ती मला आठवलीच नव्हती.

“सर, ते शेपूट मी बुजवलं होतं,” मी म्हणालो. “चुकून नाही. तुम्ही सांगितलेलं असताना. पोरं तुमच्याकडे बसायची, ते मला बघवत नव्हतं.”

“ठाऊक हाये,” ते म्हणाले. “स्टँडवर दिसलं नाई काय.”

“तेव्हा बोलला का नाहीत?”

“राग लय आला होता. दोन वर्सं तुमच्या शायेपुढून गेलो नाई. मंग वांगे आले, पोरं झाले. राग कोठलोक धरता?” मग म्हणाले, “पन साहेबाईनं ते चित्र तसंच पाह्यलं, अर्धं, त्याचं वाईट वाटे. अजूनई वाटते.”

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, मीही माफी मागितली नाही. ते आत गेले आणि दात घासायचा एक ब्रश आणि कंगवा घेऊन आले. “धुतलेला हाये,” म्हणाले. वाटेत कुठे रंग उडाला तर असावी म्हणून पांढऱ्या रंगाची बाटली मी पिशवीत आणली होती.

“कुठे?” मी विचारलं.

त्यांनी बोट ठेवलं. “इथं. अजून जराशी वर. हाव.”

मी एका वेगळ्या कागदाला भोक पाडून ते त्या जागेवर धरलं आणि ब्रश ओढला. थोडे तुषार बाहेर उडाले, चकतीवर, एका वांग्यावर.

“राहू द्या,” सर म्हणाले, आणि आम्ही ते सुकायची वाट बघत बसलो.