होनाभाऊ आणि रिकामी जागा

होनाभाऊंच्या प्रश्नात उत्तर आधीच बसलेलं असायचं. "चहा घेता ना? अर्धाच ना? साखर चालते, हो ना?" समोरच्याने फक्त मान हलवायची. पत्रिका छापायला आलेला माणूस खुर्चीत टेकायच्या आत भाऊ विचारून मोकळे होत, "पोरीचं लग्न ना? गावातच ना? पिवळा कागद ना?" आणि दहातल्या नऊ वेळा ते बरोबरच निघायचं. त्यांचं खरं नाव सत्तारभाई. पण 'हो ना' हे शेपूट त्यांच्या प्रत्येक वाक्याला इतकं पक्कं चिकटलेलं होतं, की अख्खी चामोर्शी त्यांना होनाभाऊच म्हणायची. त्यांना त्याचं काही वाटत नसे. दुकानाच्या पाटीवर तेच नाव टाकावं, असा विचारही त्यांनी एकदा केला होता. त्यांच्या बायकोकडून, म्हणजे आपांकडून, मंजुरी मिळाली नाही.

मला नोकरी मिळाली तीही याच पद्धतीने. चंद्रपूरला कॉम्प्युटरचं शिकून मी गावी परतले होते. बाजाराच्या रस्त्यावरच्या त्यांच्या छपाईच्या दुकानात बाबांसाठी लेटरहेड करून घ्यायला गेले. भाऊंनी चष्म्यावरून पाहिलं. "कॉम्प्युटर शिकली ना? रिकामीच हाय ना? उद्यापासून येशीन ना?" मी तीनदा हो म्हटलं. लेटरहेडचं बोलणं राहूनच गेलं.

भाऊ पूर्वी चंद्रपूरच्या एका वर्तमानपत्रात जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे जुळवणारे, होते. तिथे खिळे गेले, कॉम्प्युटर आले, आणि तिथल्याच कुणीतरी त्यांना एक साधासुधा एडिटर शिकवला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, ना चित्रं ना बटणं. बाकीचे दुकानवाले रंगीबेरंगी सॉफ्टवेअर वापरू लागले तरी भाऊंनी हा एडिटर सोडला नाही, कारण त्यात आपल्याला हव्या त्या आज्ञा लिहून ठेवता यायच्या. त्यांनी 'पत्रिका' नावाची आज्ञा लिहिली होती. ती दिली की पडद्याच्या तळाशी एकेक प्रश्न येई: वधूचं नाव? वराचं नाव? यजमान? वधूची आई? मुक्काम? प्रत्येक प्रश्नापुढे कंसात एक तयार उत्तर असे, मागच्या पत्रिकेतलं. तेच हवं असेल तर काही न लिहिता नुसतं एंटर दाबायचं. लग्नसराईत एकाच गावची, एकाच भावकीची माणसं ओळीने येत. निम्मी पत्रिका एंटर दाबूनच तयार व्हायची.

या सोयीवर भाऊंचा फार जीव. म्हणायचे, "वाढलेलं ताट समोर ठेवलं का माणूस जेवते. रिकामं ताट ठेवलं का विचार करत बसते." मला वाटतं, त्यांनी मशीनला आपल्यासारखं बोलायला शिकवलं होतं.

एका उन्हाळ्यात, लग्नांची अगदी झुंबड असताना, कौसल्याबाई आल्या. घोटकडच्या एका खेड्यातल्या. धानाची शेती थोडी, रोवणीची मजुरी जास्त. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी तेलंगणात कामाला गेला आणि तिकडेच दुसरा संसार मांडून बसला. हे सगळं त्यांनी नंतर सांगितलं. त्या दिवशी भाऊंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "यजमानाचं नाव टाकतो ना?"

"नाई," त्या म्हणाल्या. "त्या जागी कोनी नाई, रिकामं सोडा. मी एकटीच हावो."

भाऊंनी मान डोलावली, यजमानाच्या प्रश्नापुढे काहीही न लिहिता एंटर दाबलं आणि पुढच्या प्रश्नावर गेले. नमुन्याचा कागद दाखवला. कौसल्याबाईंना वाचता फारसं येत नव्हतं. त्यांनी मुलीच्या नावावर बोट ठेवलं, हसल्या. मागे गिऱ्हाइकांची रांग होती. भाऊंनी वधू-वराची नावं आणि मुहूर्त तपासला. पत्रिका छापून गेल्या.

काही दिवसांनी बाई परत आल्या, हातात एक पत्रिका घेऊन. आवाज चढवला नाही की रडल्या नाहीत. काउंटरवर पत्रिका ठेवून म्हणाल्या, "भाऊ, मी रिकामं सोडा म्हनलं होतं."

"मी रिकामंच सोडलं होतं, बाई," भाऊ म्हणाले.

दोघंही खरं बोलत होते. पत्रिकेवर मात्र ठळक अक्षरांत होतं: आपले विनीत, श्री. नामदेवराव व सौ. कौसल्याबाई. हे नामदेवराव म्हणजे आदल्या गिऱ्हाइकाच्या पत्रिकेतले वधूपिता. मशीनला रिकामं एंटर म्हणजे 'मागचंच राहू द्या' एवढंच कळत होतं; भाऊंनीच ते शिकवलं होतं, आणि गर्दीत तेच विसरले होते. पत्रिका गावात वाटून झाल्या होत्या. बाया नळावर विचारत होत्या, हा नामदेव कोण? ते हसण्यावारी गेलं असतं. पण सावली गावाहून नवरदेवाच्या बापाचा फोन आला होता, बाईनं दुसरं घर केलं आणि आमाले सांगितलं नाई, तं आमाले विचार करा लागन.

भाऊंनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला. मग मला म्हणाले, "बेटा, बाकीचं काम बंद." दुपारपर्यंत नव्या पत्रिका तयार झाल्या. भाऊंनी ओळखीची रिक्षा बोलावली, आणि आम्ही तिघं वैनगंगेचा पूल ओलांडून सावलीकडे निघालो. वाटेत भाऊ एकदाही 'हो ना' म्हणाले नाहीत. कौसल्याबाई पत्रिकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बाहेर बघत होत्या.

नवरदेवाचे वडील अंगणात खाटेवर बसले होते. त्यांची म्हातारी आई दारात, सुनेच्या आडून बघत होती. भाऊ बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "गलती माही हाय. बाईची नाई. बाईनं जागा रिकामी ठेवाले सांगितली, माह्या मशीनले रिकामं ठेवणं समजत नाई. त्यानं दुसऱ्याचं नाव आणून बसवलं. हा नामदेव बाईनं जन्मात पाह्यला नाई."

"कॉम्प्युटर असं करते का?" वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं.

म्हातारी मात्र सोडायला तयार नव्हती. "मंग बाईचं एकटीचंच नाव काऊन? बापाचं टाकाचं होतं. हाय ना जित्ता तिकडं?"

भाऊंनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता ते म्हाताऱ्या बाईंच्याही तोंडात उत्तर घालणार. पण ते कौसल्याबाईंकडे वळले आणि गप्प राहिले.

"पोरीले मी एकटीनं वाढवलं, माय," कौसल्याबाई म्हणाल्या. "तो जित्ता हाय, पन इथी नाई. जे नाई ते छापून काय करू?"

मग नवरदेवाची आई पुढे आली, कौसल्याबाईंच्या हातातला गठ्ठा घेतला आणि म्हणाली, "आत चाला. चहा ठेवते." वडिलांनी नवी पत्रिका उलटसुलट करून पाहिली. कागद चांगला आहे म्हणाले. जरा वेळाने भाऊंना विचारलं, "आमच्याकडच्या छापाच्या राह्यल्या हायेत. तुमच्याकडं टाकल्या तर? पन माह्यं नाव तेवढं असू द्या, बाप्पा." सगळ्यात आधी म्हातारीच हसली.

परतल्यावर आम्ही ती आज्ञा दुरुस्त करायला बसलो. काहीच न लिहिणं आणि मुद्दाम रिकामं ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मशीनला दोन्ही सारख्याच दिसत होत्या. मी सुचवलं, रिकामं हवं असेल तर आडवी रेघ टाकायची, एडिटर समजून घेईल. भाऊंना पटलं नाही. "सराईच्या गडबडीत रेघ तशीच छापून जाईन. बाईच्या नावाच्या मांग रेघ?" मग मी मागचं उत्तर कंसातून काढलं आणि सरळ लिहायच्या जागेतच आणून ठेवलं. ठेवायचं तर ठेवा, नको तर पुसा, आणि पुसून एंटर दाबलं की जागा खरंच रिकामी. भाऊंनी ते पुन्हा पुन्हा पुसून पाहिलं. खूश झाले. पण यजमानाच्या प्रश्नाशी येऊन अडले. म्हणाले, "गावाचं नाव आधी भरून ठेव. माणसाचं नोको. माणसाचं ज्याचं त्याले सांगू दे." तेव्हापासून नावांच्या प्रश्नांपुढे आम्ही काहीच ठेवलं नाही. कुणी रिकामं सोडलं तर एडिटर थांबून विचारी, 'यजमान: कोणी नाही. असंच छापू?'

या प्रकरणाचा भाऊंच्या बोलण्यावर परिणाम झाला, आणि तो सगळ्यांना जड गेला. ते गिऱ्हाइकाला नुसतं "चहा?" एवढंच विचारून थांबू लागले. गिऱ्हाईक पुढच्या शब्दांची वाट बघत बसे. दोघं एकमेकांकडे बघत राहत. एकदा आपा दुकानात येऊन माझ्याकडे तक्रार करून गेल्या. "इतकी वर्षं वरण-भातच ना म्हणत होते, मी टाकत होते. आता विचारतात, काय करते. मले काय हॉटेल हाय का?" पावसाळा लागेपर्यंत भाऊ घरात पुन्हा जुन्या वळणावर आले. दुकानात मात्र नाव विचारताना ते कायम थांबायचे.

त्याआधी, त्याच उन्हाळ्यात, कौसल्याबाईंच्या मुलीच्या लग्नाला आम्ही गेलो. वरात आली तेव्हा मांडवाच्या दारात सामोरं जायला घरचा पुरुष नव्हता. भावकीतले कुणी पुढे व्हावं की नाही, अशी कुजबुज चालली होती. कौसल्याबाई ताट घेऊन स्वतःच उभ्या राहिल्या. भाऊ जेवणाच्या मांडवातून उठून आले आणि त्यांच्या मागे, दोन पावलं अंतर ठेवून, वरात आत जाईपर्यंत उभे होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. पुढे आले नाहीत. वाजंत्रीवाल्यांना तेवढं हाताने सांगितलं, जरा सावकाश.

मग मला नागपूरला नोकरी लागली. प्रोग्राम लिहिण्याचीच. माणसांना मशीनने प्रश्न कसे विचारायचे, हे ठरवण्याचं काम तिथे माझ्याकडे असतं. पुढे भाऊंच्या डोळ्यांनी साथ सोडली, दुकान बंद झालं, आणि ते नि आपा लेकीकडे बल्लारपूरला राहायला गेले. गेल्या हिवाळ्यात सकाळच्या चहाच्या आधी, झोपेतच ते गेले.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा घर बायकांनी भरलं होतं. जरा वेळाने कौसल्याबाई आल्या, लेकीला घेऊन, दोन बस बदलून. आपांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कोण, म्हणून विचारलं.

"भाऊ माह्या पोरीच्या लग्नात होते," कौसल्याबाई म्हणाल्या.

"त्यांनी तर किती लग्नांच्या पत्रिका छापल्या," आपा म्हणाल्या.

"पत्रिका साऱ्याइच्या छापल्या, आपा. माह्या घरी ते उभे होते."

आपांनी डोळ्यांना पदर लावला. मग जरा सरकून आपल्या शेजारी जागा केली आणि त्यांना हाताला धरून बसवलं.