कांजी दिलेला मांडव

चंद्रमौलीच्या अंगावरचं सगळं ताठ असे. धोतर ताठ, उपरणं ताठ, मान ताठ. भिंतीला टेकवलं तर त्याचं उपरणं माणसासारखं उभं राहील, असं कुंभकोणम्‌मध्ये त्याच्या गल्लीत हसून म्हणत. बायको वारल्यापासून भाताची पेज गाळून कपड्यांना द्यायची कांजी तो स्वतःच करी. त्यात कुणाला हात लावू देत नसे. विठ्ठलाच्या भजनात त्याचा आवाज गोड, पितळी दिव्यांच्या धंद्यात जिभेवर साखर. सगळे त्याचं कौतुक करत. एक तुळसी सोडून. त्याच्या धाकट्या भावाची ही बायको कॉलेज शिकून या घरात आली, आणि परसात वाळणाऱ्या कांजीचा तो आंबूस वास तिला पहिल्या दिवसापासून घशाशी आला.

कार्तिकात दिव्यांचा सण. तेव्हा हे सगळे घरगाडीतून गावोगावच्या जत्रांना जात. घरगाडी म्हणजे लढाई संपल्यावर लिलावात घेतलेली जुनी लष्करी रुग्णगाडी. तुळसीचा नवरा वेंकटेश ती चालवी. आत फळ्यांवर समया, निरांजनं, उंच उभे कुत्तुविळक्कू दिवे ठासून भरलेले. माणसांनी झोपायचं ते गाडीच्या कडेला बांधलेल्या कापडी मांडवाखाली. मागल्या वर्षी उत्तरेकडून येणाऱ्या वाडै वाऱ्यानं तो मांडव फाडून नेला होता. आता नवा घ्यायचा होता, आणि तुळसीची सहा वर्षांची भवानी नुकतीच न्यूमोनियातून उठली होती. तिला घरी ठेवावं तर सांभाळायला माणूस नाही.

वेंकटेशनं अंगणात दोन कापडं आणून टाकली. एक पेठेतलं नवंकोरं जाड सुती. दुसरं नागपट्टणम्‌हून आलेलं जुनं शीड, मासळीच्या तेलानं काळंकुट्ट झालेलं. ते उलगडताच घरभर असा वास सुटला की तुळसीनं पदर नाकाला लावला. तरी तिनं दोन्ही कापडांवर तांब्याभर पाणी ओतलं. सुती कापडाखालची जमीन भिजली. शिडावरचं पाणी घरंगळून गेलं.

"भावोजी, हे घेऊ या," ती पदराआडून म्हणाली.

"मासळीचं तेल?" चंद्रमौली दोन पावलं मागे सरला. "मांडवातल्या विठ्ठलाच्या तसबिरीवर मासळी टांगू? जेवणार कुठे आपण, कोळ्यांच्या होडीत?"

"मलाही ओकारी येतेच आहे. पण पोरीच्या छातीला वारा लागता कामा नये."

"वाऱ्याचं काय घेऊन बसलीस! दारासुरम्‌चे विणकर सुताला काय देतात? कांजी. म्हणून तर त्यांचा धागा मागात तुटत नाही. या कापडाला दाट कांजी दिली की वारासुद्धा डोकं आपटून परत जाईल."

"पाऊस आला की कांजी विरघळेल, भावोजी."

"हे कॉलेजात शिकवलं का? आमचे अप्पाजी सांगायचे, बायको शिकली की पेजेत किडे शोधते."

वेंकटेश हसला. तो नेहमीच हसे. तुळसीला त्या हसण्याचीही किळस आली.

चंद्रमौलीनं मोठ्या हंड्यात कांजी रटरटवली, कापड बुडवलं, उन्हात ताणलं. संध्याकाळी ते पत्र्यासारखं वाजू लागलं. वर तांब्या ओतला तर पाणी थोडा वेळ थांबलंसुद्धा. गल्ली जमली, वाहवा झाली. शीड परसातल्या कोपऱ्यात फेकलं गेलं.

आडुतुरैच्या पुढे, समुद्राच्या बाजूच्या एका गावी जत्रा होती. पहिला दिवस कोरडा गेला. पांढराशुभ्र ताठ मांडव पाहून गिऱ्हाइकं थांबत. दुसऱ्या दिवशी दुपार कलताना वाडै सुटला आणि त्याच्यामागून पाऊस. आधी मांडव ढोलासारखा घुमला. मग तो घाम फुटल्यासारखा पाझरू लागला. थेंब पाण्याचे नव्हते. पांढरे, चिकट, आंबलेले. चटईवर, भाताच्या भांड्यात, निजलेल्या भवानीच्या केसांत ती कांजी लाळेसारखी ओघळू लागली. कुठून तरी दोन कुत्री आली आणि चटई चाटू लागली. पाण्यानं जड झालेल्या कापडाला वाऱ्यानं खालून उचललं, दोरीची भोकं टराटरा फाटली आणि बांबू भवानीच्या उशाशी कोसळला. पोर किंचाळली.

"दिवे!" चंद्रमौली ओरडला. मांडून ठेवलेल्या समयांवर घालायला त्यानं हाताला आलं ते ओढलं. ती भवानीच्या अंगावरची घोंगडी होती.

तुळसीनं पाहिलं. पोरीला काखेत घेऊन ती गाडीत चढली आणि फळ्यांवरचे दिवे हातानं, कोपरानं, पायानं बाहेर लोटू लागली. समया चिखलात खणखणत पडल्या.

"अय्यय्यो, वेड लागलं हिला! वेंकटेशा, धर तिला!"

वेंकटेश पहिल्यांदाच हसला नाही. त्यानं खालच्या फळीवरची एक जड समई उचलून बाहेर ठेवली, मग दुसरी. मोकळ्या झालेल्या फळीवर तुळसीनं भवानीला कोरड्या लुगड्यात गुंडाळून निजवलं.

घरी आल्यावर भवानीला ताप आला, पण छाती भरली नाही. ताप उतरला. शिकेकाईनं कितीदा धुतले तरी पोरीच्या केसांतून तो आंबूस वास येतोय असं मात्र तुळसीला वाटत राही.

"कांजी पातळ झाली," चंद्रमौली भेटेल त्याला सांगत होता. "अजून दाट हवी होती."

पुढच्या जत्रेआधी तुळसीनं परसातलं शीड स्वतः ओढत आणलं.

"दिवे बाटतील!"

"दिवे आत असतात, भावोजी. खाली माझी पोर असते."

नाकाला फडकं बांधून ती दोऱ्या आवळायला लागली. मध्येच भिंतीशी जाऊन ओकली, चूळ भरली आणि राहिलेली गाठ मारली. वेंकटेशनं दुसरं टोक धरलं होतं.

तिरुविडैमरुदूरच्या जत्रेत पुन्हा वाडै सुटला. शीड फुगलं, कुरकुरलं, पण जागचं हललं नाही. चंद्रमौली कापूर लावलेलं उपरणं नाकाशी धरून लांब उभा होता. पाऊस झोडपू लागला तसं त्याचं उपरणं चिंधीसारखं लोंबलं, आणि धोतर वर धरून तो मुकाट्यानं शिडाखाली आला. तेवढ्यात एक गिऱ्हाईकही आडोशाला शिरलं.

"समुद्रावरचं कापड," चंद्रमौली साखरेच्या आवाजात म्हणाला. "आम्ही पारखूनच घेतलं."

दुधात पडलेल्या पालीकडे पाहावं तसं तुळसीनं त्याच्याकडे पाहिलं. मग वळून तिनं भवानीच्या अंगाखालची चटई चाचपली. ती कोरडी होती.