शीतला सप्तमीची गरम खिचडी

देवीचं आणि माझं भांडण झालं ते गॅसच्या शेगडीवरून. नव्या नोकरीसाठी मी धारहून देवासला राहायला आले होते. देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी अम्माजींच्या घरात वरची खोली भाड्याने घेतली होती. अम्माजी मनाने लोण्यासारख्या, पण सणावाराच्या बाबतीत फार कडक. होळीनंतर सातव्या दिवशी माळव्यात घरोघर शीतला सप्तमी पाळतात. स्वयंपाक आदल्या दिवशीच करून ठेवायचा, सप्तमीला चूल पेटवायची नाही, देवीला गार नैवेद्य दाखवायचा आणि घरादाराने तोच गार खायचा. कांजिण्या-गोवराची ही देवी, तिला गारवा आवडतो. अम्माजींनी मला आदल्या संध्याकाळी जिन्यातूनच बजावलं, "बाई, कल चूल्हो मत जलाजे. पूड़ी-गुलगुले नीचे आके खा लेना."

आता आमच्या घरची तऱ्हा सांगते. आम्ही धारचे मराठी. आमचे पूर्वज पवारांच्या दरबारात कारकून म्हणून आले आणि इथलेच झाले. आम्ही पोहे माळव्यासारखे खातो, भांडतो हिंदीत, पण सणवार मात्र दक्षिणेतले, महाराष्ट्रातलेच. दरबार गेला, राज्य गेलं, आमच्या आईचं पंचांग काही जाग्यावरून हललं नाही. आमच्याकडे शीतला सप्तमी श्रावणात. होळीनंतरची सप्तमी शेजाऱ्यांची, त्यांचे गुळाचे गुलगुले खायचे आणि आपला गॅस खुशाल पेटवायचा, असं मी लहानपणापासून पाहिलेलं. त्या सोमवारी माझं अंग मोडून आलं होतं. मला वाटलं, परवा धारला रंगपंचमी खेळले त्याचा शीण असेल. गरम गरम मुगाची खिचडी खावीशी वाटली. आईला फोन केला तर ती म्हणाली, "कर की. आपली सप्तमी श्रावणात. त्यांची देवी त्यांच्यापाशी." मोहरी तडतडली आणि खालून हाक आली, "अरे बाई, यो कई कर्यो!" मी वरून ठसक्यात सांगितलं, "अम्माजी, हमारी सप्तमी तो सावन में आती है!" आणि मनातल्या मनात देवीलाही ऐकवलं, की तुझं-माझं काय ते श्रावणात बघू.

एवढा ठसका यायचं कारण नव्हतं, कारण मी तेव्हा देवीच्या दयेवरच उभी होते. या नोकरीपर्यंत पोचायला मला फार मोठा वळसा पडला होता. रसायनशास्त्र शिकले, पण धारमध्ये शिकवण्या करत राहिले. गंधवानीच्या एका शाळेत हंगामी शिक्षिका होते, तिथे दर उन्हाळ्यात हातात नारळ मिळायचा. तिशी उलटल्यावर औषधांच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये जागा मिळाली, तीही सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. आमचे मंडलोई सर भला माणूस, पण पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "मैडम, प्रोबेशन में एक-दो दिन की छुट्टी चल जाती है. लंबी ली तो फाइल ऊपर जाती है, और ऊपर गई फाइल नीचे नी आती." मी ते वाक्य उशाशी घेऊन झोपत होते. त्यातून मंगळवारी बाहेरून तपासणीसाठी माणसं यायची होती. त्यासाठी शनिवारपासून लॅबमध्ये रंगकाम चाललं होतं आणि आम्हाला सलग तीन दिवस सुट्टी होती. मंगळवारी पाहुण्यांना यंत्र चालवून दाखवायचं काम सरांनी माझ्यावर सोपवलं होतं. ते यंत्र मला शेजारच्या स्टुलावर बसणाऱ्या निकिताने शिकवलं होतं. निकिताला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी दिवस राहिले होते. आम्ही सगळे तिला फुलासारखं जपत होतो आणि चिंच-बोरं आणून देत होतो.

मंगळवारी सकाळी उठले तर कणकण होती. मानेवर, पोटावर पाण्याने भरलेले फोड आले होते आणि एक तर नेमका कपाळाच्या मधोमध, कुंकू लावतात तिथे. लहानपणी मला कांजिण्या आल्या नव्हत्या, पण चुलत भावंडांच्या पाहिल्या होत्या. ओळखायला वेळ लागला नाही. मी तशीच पलंगावर बसले आणि खिडकीतून दिसणाऱ्या टेकडीकडे बघून म्हणाले, "अगं, एका वाटीभर खिचडीसाठी?" मी विज्ञान शिकलेली बाई. हा रोग आधीच कधीतरी माझ्या अंगात शिरला असणार, खिचडीचा त्यात काही हात नाही, हे मला कळत होतं. पण भांडायला कोणीतरी लागतं, आणि विषाणूशी काय भांडणार?

मग मी ठरवलं की आजचा दिवस निभावून न्यायचा. तापाची गोळी घेतली, पूर्ण बाह्यांचा कुर्ता आणि जीन्स घातली, ओढणी तोंडाला आणि कपाळाला गच्च गुंडाळली. आमच्या भागात उन्हातान्हात बाहेर पडणाऱ्या सगळ्याच मुली अशा गुंडाळलेल्या असतात, त्यामुळे कोणी वळूनही बघत नाही. लॅबमध्ये तर मास्क आणि टोपी असतेच. तपासणी उरकली की आजारी पडू, असा मी हिशोब केला. शेजारच्या स्टुलाचा विचार त्या वेळी माझ्या डोक्यात आलाच नाही. डोक्यात फक्त वर जाणारी फाइल होती.

कारखान्याकडे जाणाऱ्या ऑटोत माझ्यासमोर एक ठसठशीत बाई बसल्या होत्या. नेसायला चांगली साडी, मांडीवर स्टीलचा डबा. कालचा प्रसाद कुठेतरी पोचवायला निघाल्या असाव्यात. गतिरोधकावर ऑटोने अशी उडी मारली की माझी ओढणी कपाळावरून घसरली. बाईंची नजर नेमकी त्या फोडावर गेली. आता ही आरडाओरडा करणार, ऑटोवाला मला उतरवणार, असं वाटून मी डोळे मिटले. पण बाईंनी डबा बाजूला ठेवला, चालत्या ऑटोत वाकून माझ्या बुटांना हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. "जय माताजी," त्या म्हणाल्या. माझ्या अंगावर जीन्स, खांद्याला लॅपटॉपची बॅग आणि समोर ही बाई हात जोडून बसलेली. हसावं की रडावं ते कळेना.

पुढे त्या जे बोलल्या ते माझ्याशी नव्हतंच, माझ्या अंगावर उमटलेल्या देवीशी होतं. "माँ, हमको तो आपने बचपन में ही दर्शन दे दिए थे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण घर में बहू है. बरसों में उसके पाँव भारी हुए हैं. उसके पास मत जाना, माँ. दूर से निकल जाना." एवढं बोलून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना उत्तर हवं होतं. आणि मला एकदम निकिताचं स्टूल दिसलं, त्याला बांधलेली तिची उशी दिसली, यंत्र समजावताना माझ्या खांद्याशी येणारं तिचं डोकं दिसलं. पोटुशी बाईला कांजिण्या झाल्या तर काय होऊ शकतं, ते मी पुस्तकात वाचलेलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशी माझी गत झाली होती. माझ्या तोंडून शब्द निघाले, "नहीं जाऊँगी." कुणी वदवले, ते मी आजही सांगू शकत नाही. मी ऑटो थांबवायला लावली. उतरताना बाईंनी डबा उघडून एक गुलगुला माझ्या हातावर ठेवला. गार, किंचित वातड, बडीशेपेच्या वासाचा. तो मी रस्त्याच्या कडेला उभी राहून खाल्ला आणि मग सरांना फोन केला.

"आज? आज ही, मैडम?" सर किंचाळलेच. मी आजाराचं नाव सांगितल्यावर तपासणीचा विषयच संपला. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "निकिता मैडम से कब मिली थीं?" मी म्हटलं, शुक्रवारी, त्यानंतर नाही. सरांनी सोडलेला श्वास मला फोनवर ऐकू आला. "डॉक्टर को दिखाओ, घर जाओ. बाकी... देखते हैं." कचेरीतलं 'देखते हैं' म्हणजे काय, हे ज्याने नोकरी केली आहे त्याला सांगायला नको. डॉक्टरांनी औषधं दिली आणि खपल्या धरेपर्यंत घराबाहेर पडायचं नाही म्हणून सांगितलं. एक-दोन दिवसांचं काम नव्हतं. नोकरी गेली असं धरूनच मी परत आले.

अम्माजींनी दारातच मला ओळखलं आणि त्यांचा राग कुठल्या कुठे पळाला. घरात माताजी आल्या होत्या, आता रागवायचं कुणावर? त्यांनी दाराला कडुनिंबाचा डहाळा लावला आणि घरातली फोडणी बंद केली. दुसऱ्या दिवशी धारहून आई आली. आईचा निम्मा दिवस माझी शुश्रूषा करण्यात आणि निम्मा अम्माजींशी वाद घालण्यात जायचा. आई म्हणायची, आमच्यात मेतकूट-भात चालतो. अम्माजी म्हणायच्या, हींग को छींटो भी नी. मी वरच्या खोलीत खाज सोसत पडून दोघींचं पंचांग ऐकत असायची. एका गोष्टीत मात्र त्यांचं एकमत होतं, की खिचडी करायला नको होती. "आई, तूच म्हणालीस ना, कर की?" असं मी म्हटलं, तर आई म्हणाली, "मी म्हटलं, पण तुला अक्कल नको?"

हसत होते खरी, पण आत भीती होतीच. डोळा लागला की वर जाणारी फाइल दिसायची. एका दुपारी खाज आणि काळजी दोन्ही असह्य झाल्या. टेकडीकडे बघून मी देवीला म्हणाले, "नोकरी राहिली तर तुझी, गेली तरी तुझीच. मी आता त्यात हात घालत नाही. फक्त ही खाज तेवढी थांबव." मंत्र नाही, स्तोत्र नाही, एवढंच. खाज थांबली नाही. पण मी झोपले, आणि नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच इतकी गाढ झोपले की आईने नाकाशी हात धरून बघितलं.

खपल्या पडल्यावर कडुनिंबाच्या पाण्याने मला न्हाऊ घातलं. आईने दहीभात केला, त्याला फोडणी नव्हती. दोघींनी मला मध्ये घेऊन शीतलेच्या देवळात नेलं आणि दहीभाताचा नैवेद्य दाखवला. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी कारखान्यात गेले, ती टेबलाचा कप्पा रिकामा करायच्या तयारीनेच. सरांनी बोलावलं. म्हणाले, जितके दिवस गेले तितकं प्रोबेशन पुढे वाढलं आहे, बस्स. फाइल वर गेली होती आणि खालीही आली होती. सर स्वतः तिच्यामागे वर गेले होते. "आप छुपा के आ सकती थीं," ते म्हणाले. "नी आईं. मैंने ऊपर यही बोला." मला ते गिळवेना. मी म्हटलं, "सर, मैं तो निकल चुकी थी. आधे रास्ते से लौटी हूँ." सर हसले. "निकलते तो सब हैं, मैडम. उतरीं आप."

यथावकाश मी कायम झाले. निकिता बाळंतपणाला माहेरी गेली आणि तिला मुलगी झाली, गुटगुटीत आणि ठणठणीत. पुढच्या वर्षी होळीनंतर तिचा फोन आला, सप्तमीला सगळ्यांनी घरी यायचं, सासूबाई मुलीला शीतलेच्या पायांवर घालणार आहेत आणि मग गार जेवण आहे. आम्ही लॅबमधले सगळे गेलो. दार उघडलं ते निकिताच्या सासूबाईंनी. ठसठशीत, नेसायला चांगली साडी. मी उंबऱ्यातच थबकले. देवास काही फार मोठं गाव नाही, इथे दर तिसरा माणूस कुणाचा ना कुणाचा समधी-व्याही निघतो. यात नवल नाही, असं मी स्वतःला सांगितलं, आणि तरी माझे डोळे भरून आले.

त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखणार तरी कशा, तेव्हा माझं तोंड गुंडाळलेलं होतं. वाढता वाढता त्या आपणहून सांगू लागल्या, की निकिताला दिवस होते तेव्हा त्यांना ऑटोत माताजी भेटली होती. त्यांनी विनवलं, माझ्या सुनेपासून दूर जा. माताजी 'हो' म्हणाली आणि तिथेच उतरून गेली. सगळे माना डोलवत होते. मी ताटातली गार पुरी मोडत होते. मला मोठ्याने सांगावंसं वाटत होतं, की अहो, मी तर नोकरीला घाबरलेली एक साधी बाई होते, उतरवलंत ते तुम्ही मला. त्यांना माझ्यात देवी दिसली होती आणि मला त्यांच्या तोंडून ती ऐकू आली होती. आम्हा दोघींत खरी कोण होती, हे ठरवायची मला आता गरज वाटत नाही. शरण जाणं म्हणजे काहीतरी मोठं, डोळे मिटून करायचं काम, असं मी समजत होते. माझ्या बाबतीत ते कारखान्याच्या वाटेवर ऑटोतून उतरण्याएवढंच होतं, आणि तेवढंही मला एकटीला जमलं नसतं.

जेवणं झाल्यावर सासूबाईंनी बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. माझ्या सगळ्या खुणा बुजल्या आहेत, कपाळावरची एक तेवढी राहिली आहे. पोरीने नेमकं तिथेच बोट घातलं. सासूबाई तिचा हात बाजूला करायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. त्यांनी त्या खुणेकडे पाहिलं, मग माझ्या डोळ्यांत पाहिलं. आत जाऊन डबा घेऊन आल्या आणि माझ्या हातावर एक गार गुलगुला ठेवला.