निळं मडकं

कांताबाईंचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू होई. चारला त्या मंडईत आलेल्या असत. दुसऱ्याच्या गाळ्यावर दुपारपर्यंत कोथिंबीर-मेथी निवडायची आणि जुड्या बांधायच्या. मी तिथेच हमाली करायचो. त्यांची जुडी कधी सुटली नाही. शेजारणीने सैल बांधली तर तिचीही सोडून पुन्हा बांधत, वर दोन शब्द ऐकवत.

उरलेली भाजी त्या संध्याकाळी घराच्या दारात विकत. निम्मी सुकून जायची. त्यांची नात मैत्री सातवीत होती. तिने त्यावर तोड काढली. मोठ्या मडक्यात छोटं मडकं, मधल्या जागेत ओली वाळू. बाहेरचं मडकं पाझरतं, पाणी वाळतं, आतली भाजी गार राहते. शाळेने ते विज्ञान प्रदर्शनात पाठवलं. जिल्ह्यात निवडलं गेलं, राज्यात निवडलं गेलं. देशपातळीचं प्रदर्शन यंदा पुण्यातच होतं, स्वारगेटजवळच्या एका शाळेत. तिथे नंबर आला तर शिष्यवृत्ती होती. पोरीच्या पुढच्या शिक्षणाला दुसरा आधार नव्हता.

मांडणीच्या दिवशी मडकी मी हातगाडीवर नेली. हॉलमध्ये दिवे लागणारी धरणं होती, फिरणारे उपग्रह होते. शेजारच्या मुलाचे वडील कांताबाईंना म्हणाले, "मावशी, उन्हाळ्याला अवकाश आहे अजून. आत्ताच माठ मांडलेत?"

मैत्री हसली. कांताबाई हसल्या नाहीत.

परीक्षण एक दिवस सोडून होतं. "मोठं मडकं जरा घासून आणते," असं नातीला सांगून त्यांनी ते माझ्या गाडीवर ठेवलं आणि पाट्या रंगवणाऱ्या केदारकडे न्यायला लावलं.

"कसला रंग देऊ?" त्याने विचारलं.

"भारीतला. पाण्याने न जाणारा."

"मग ऑइलपेंट. एक हात बास होईल."

"दोन दे. अर्धवट काम नको मला."

त्या आठवड्याची मजुरी तिथे गेली.

परीक्षणाच्या सकाळी मडकं पुन्हा हॉलमध्ये नेलं. निळंशार, वर पांढऱ्या अक्षरांत मैत्रीचं नाव. पोरीने तोंडावर हात ठेवला. आजीला वाटलं, आनंद झाला.

"कसं दिसतंय गं?"

"छान दिसतंय, आजी."

तिने वाळू भरली, पाणी ओतलं, तापमापी आत सोडली. मग मडक्यावरून तळहात फिरवत राहिली. कोरडं. पुन्हा पाणी ओतलं. कोरडंच.

परीक्षक बाई आल्या. आतल्या-बाहेरच्या तापमानात फरक जेमतेम होता.

"राज्याच्या वेळी तर चांगला फरक आला होता. इथे काय झालं?"

"रंग दिला, मॅडम. मातीची छिद्रं बुजली. आता पाणी बाहेर येत नाही."

"एवढं ठाऊक आहे, मग रंगवलं कुणी?"

मैत्रीने आजीकडे पाहिलं नाही. "आम्ही," म्हणाली.

बाई काहीतरी लिहून पुढच्या टेबलाकडे गेल्या.

जेवणाच्या सुट्टीत कांताबाई मडकं घेऊन नळापाशी बसल्या आणि विटेच्या तुकड्याने घासू लागल्या. बोटं सोलवटली. मी म्हटलं, "बाई, रंग मातीत मुरलाय. सोडा आता."

"गप बसा हो. तुमचं काय गेलंय?"

नंबर आला नाही.

मैत्रीने घरी तो विषयच काढला नाही. "ओरडली असती तरी चाललं असतं," कांताबाई मला म्हणाल्या. तेव्हाही हात जुड्या बांधत होते.

पुढच्या आठवड्याची मजुरी मिळाली, तशा त्या कुंभारवाड्यात गेल्या. टिचकी मारून, पाणी घालून, पाझर फुटेपर्यंत थांबून त्यांनी एक मोठं मडकं निवडलं. मी ते घरी पोचवलं. मैत्री दारात उभी होती.

"आता कशाला, आजी?"

"कोथिंबीर सुकते म्हणून."

पोरीने मडक्यावर हात ठेवला. ओलं होतं. तिने ते उचललं आणि आत नेलं.