अर्ध्या तासाची काच

रिझिकी हमदने नस्सोर सैफला चौदा वर्षं माफ केलं नव्हतं आणि पुढेही करायचा तिचा विचार नव्हता. पेम्बा बेटावरची माणसं राग लवंगेसारखा चटईवर वाळवून ठेवतात. तो दिसायला बारीक होतो, पण वास वाढत जातो.

सोळाव्या वर्षी ती चाके चाके गावातल्या प्रयोगशाळेत काचपट्ट्या धुवायला लागली. तिथल्या जुन्याजाणत्या तंत्रज्ञ फाकीबाबांनी तिला सूक्ष्मदर्शकातून बघायला शिकवलं. "दुसरा डोळा मिटू नकोस, पोरी. एक डोळा मिटून बघणारा दुपारपर्यंत आंधळा होतो." दोन्ही डोळे उघडे ठेवून ती शिकली, दार-एस-सलामला जाऊन पदवी घेऊन आली आणि तिला एका प्रश्नाने धरलं. आकडीकृमी मातीतून सगळ्यांच्याच अनवाणी पायांत शिरतो, मग एकाच घरात एकाचं रक्त पिऊन त्याला पांढरं करतो आणि दुसऱ्याच्या पोटात टिकत का नाही?

दोन वर्षं ती सायकलवरून गावोगाव हिंडली. चारशे बारा माणसांचं रक्त तिने जमवलं. उत्तर निघालं ते असं: काहींचं शरीर कृमीशी लढायला शिकतं, पण फार हळू शिकतं आणि अर्धवट शिकतं. सगळं गाव मात्र कधीच शिकत नाही.

तेव्हाचे प्रमुख डॉक्टर नस्सोर सैफ म्हणाले, "वह्या ठेवून जा, नजर टाकतो." नजर टाकली आणि निबंध त्यांच्याच नावाने छापून आला. शेवटी आभारांमध्ये 'प्रयोगशाळेतील सेविकांचे सहकार्य' एवढा उल्लेख होता. सेविकेला नावसुद्धा नव्हतं. त्या निबंधाच्या शिडीवरून ते परदेशी गेले आणि प्रोफेसर होऊन परतले. रिझिकी मागेच राहिली. तिने पुढची पदवी घेतली, पाच निबंध स्वतःच्या नावाने छापले आणि त्याच इमारतीतल्या चार खोल्यांची प्रमुख झाली. माणसाने एवढ्यावर समाधान मानावं. तिने मानलं नाही.

त्या वर्षी प्रोफेसरांची तपासणी-तुकडी मिकोकोनी गावात येऊन गेली आणि बातमी फुटली. दोन वर्षांपूर्वी ज्या गावात दहातल्या सातजणांना कृमी होता, तिथे आता जवळजवळ कोणालाच नाही. गावाच्या अंगात प्रतिकारशक्ती आली आहे. मिकोकोनीला यंदा गोळ्यांची गरज नाही, त्या दुसरीकडे जातील. तीन महिन्यांनी दार-एस-सलामच्या मोठ्या परिषदेत, देशोदेशीच्या पाहुण्यांपुढे प्रोफेसर हे सांगणार होते.

"चोरलं ते चोरलं," रिझिकी म्हणाली, "वर ताणून फाडलंही."

फाकीबाबा आता निवृत्त झाले होते, मिकोकोनीतच राहत होते. तिच्याकडे कॉफी प्यायला आले होते. "तुला माहीत आहे का त्यांनी काचा कधी बघितल्या?"

"कधी?"

"लोकांच्या शौचाचे नमुने घेऊन सकाळी सातला माझ्या अंगणात बनवल्या. मी म्हटलं, पोरांनो, इथेच आंब्याखाली बघा. म्हणाले, आजोबा, उकडतंय. डब्यात भरल्या आणि चाके चाकेला नेल्या. पंख्याखाली बसून दीड वाजता बघितल्या. सगळी पोरं पलीकडच्या उंगुजा बेटाची, आयुष्यभर लघवीतून रक्त पाडणाऱ्या कृमीवर काम केलेली."

रिझिकीने कप खाली ठेवला. त्या दुसऱ्या कृमीची अंडी काचेवर महिनोन्महिने टिकतात. आकडीकृमीच्या अंड्याचं कवच पातळ असतं. नमुना स्वच्छ दिसावा म्हणून काचेवर लावलेल्या ग्लिसरीनने ते अर्ध्या तासानंतर पारदर्शक होत जातं आणि दुपारपर्यंत दिसेनासं होतं. बेटावरच्या काच धुणाऱ्या पोरीलाही हे ठाऊक होतं. प्रोफेसरांनी मात्र वीस वर्षांत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला नव्हता.

"म्हणजे गाव बरं झालेलं नाही," ती म्हणाली. "अंडी विरघळली."

"हसतेस काय?"

"बाबा, मी त्याला दारमध्ये गाठणार. भरल्या सभागृहात उभी राहणार आणि एकच प्रश्न विचारणार. प्रोफेसर, काचा किती वाजता बघितल्या?"

"आणि गोळ्या? वाटप बारा दिवसांवर आहे."

तिने कप पुन्हा उचलला. आत्ता पत्र लिहिलं तर नस्सोर गुपचूप आकडे दुरुस्त करणार आणि परिषदेत हार घालून घेणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. चार दिवस तिने पत्र लिहिलं नाही. खोलीचं दार लावून आरशापुढे तो प्रश्न म्हणून बघे. कधी 'प्रोफेसर' या शब्दावर थांबे, कधी 'किती वाजता'वर. इतकी सुंदर ओळ तिला जन्मात मिळाली नव्हती.

पाचव्या दिवशी फाकीबाबांनी बोलावून घेतलं. त्यांची सून सलामा सहा महिन्यांची गरोदर होती. ती डोक्यावर पाण्याची बादली घेऊन अंगणात आली आणि टेकून उभी राहिली. श्वास लागला होता. रिझिकीने तिची खालची पापणी ओढून बघितली. आत ओल्या नारळासारखं पांढरं होतं.

"हिला पाणी आणायला कोणी पाठवलं?"

"मी," सासू मोरीतून म्हणाली. "रेडिओवर सांगितलं ना, आमच्या गावचं रक्त दणकट झालं म्हणून. मग ही अजून कसली लोळते?"

"आई, मी लोळत नाही," सलामा म्हणाली. "अंधारी येते." मग रिझिकीकडे वळून हळूच, "डॉक्टरबाई, दणकट रक्ताने अंधारी येते का?"

रिझिकीने तिला तिथल्या तिथे गोळी आणि लोह दिलं. पण मिकोकोनीत पापण्या पुष्कळ होत्या. परत निघताना ती फाकीबाबांवरच डाफरली. "मुद्दाम बोलावलंत मला."

"मुद्दामच. तुझी दारची सभा होऊ दे की. तोपर्यंत ही तग धरते का बघू."

"चौदा वर्षं वाट बघितली मी, बाबा."

"मी कुठे म्हणतोय सूड घेऊ नकोस? लवकर घे एवढंच म्हणतोय."

ते वाक्य घेऊन ती घरी गेली. तीनच दिवसांनी, गुरुवारी, प्रोफेसर स्वतः मिकोकोनीत येणार होते. शाळेच्या पटांगणात अभिनंदनाचा समारंभ होता, सोबत जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी, फोटोवाला आणि बोकडाचा पिलाव. सभागृह लहान होतं, पण प्रेक्षक हक्काचे होते.

गुरुवारी सकाळी दहाला ती नवा कांगा नेसून पहिल्या रांगेत बसली. आंब्याखाली टेबल मांडलं होतं, त्यावर सूक्ष्मदर्शक. प्रोफेसर भाषणाला उठले तशी तीही उठली.

"प्रोफेसर, तुमचा सन्मान आहे. आधी गावकऱ्यांना एक काच दाखवावी अशी इच्छा आहे. फाकीबाबांनी गावातल्याच नमुन्याची आत्ता बनवली आहे. तुमच्याच डोळ्यांनी बघा."

"रिझिकी, तू अजून इथेच?" प्रोफेसर हसले. "बघतो की." त्यांनी डोळा लावला, दुसरा घट्ट मिटून. बराच वेळ स्क्रू फिरवत राहिले.

"किती अंडी दिसतात? मोठ्याने मोजा, लोकांना ऐकू द्या."

प्रोफेसर मोजू लागले. अधिकारी वाकून बघत होते. "...सोळा. सतरा. अठरा. एखाद्याला असणारच."

"नक्कीच. आता जेवून घ्या."

पिलाव झाला, कॉफी झाली. सव्वा बारा वाजता तिने त्यांना पुन्हा टेबलाशी आणलं. "तीच काच. कोणी हात लावलेला नाही, गावप्रमुख पहाऱ्याला बसले होते. मोजा."

प्रोफेसरांनी काच सरकवली, उलट सरकवली. पुन्हा स्क्रू फिरवला.

"किती?" अधिकाऱ्यांनी विचारलं, आणि स्वतःच वाकून बघितलं. "इथे तर काही नाही."

"काय झालं, प्रोफेसर?" रिझिकी म्हणाली. "तासा-दोन तासांत काचेलाही प्रतिकारशक्ती आली?"

आधी फाकीबाबांच्या घरची माणसं हसली, मग बायकांच्या बाजूने हसू उसळलं. अधिकाऱ्यांनी नोंदवही मागवली. त्यात तुकडीच्याच अक्षरात लिहिलं होतं: बनवल्या सातला, बघितल्या दीडला.

"चूक पोरांची आहे," प्रोफेसर पुटपुटले.

"वह्या माझ्या होत्या तेव्हा काम तुमचं होतं. पोरं तुमची आहेत तर चूक पोरांची?" ती आता त्यांच्या अगदी जवळ होती. "लिहा. मिकोकोनीला गोळ्या हव्यात. तारीख घाला. सही करा. आणि इथे, या लोकांसमोर लिहा."

त्यांनी लिहिलं. तारीख घातली, सही केली. फोटोवाल्याने फोटो काढला, कारण त्याला तेवढ्यासाठीच आणलं होतं.

गोळ्या वेळेवर आल्या. दारच्या परिषदेत प्रोफेसरांनी 'काच वाचण्याच्या वेळेचे महत्त्व' या विषयावर भाषण केलं, जणू शोध त्यांचाच. टाळ्याही घेतल्या. रिझिकीला कळलं तेव्हा ती अर्धा दिवस खसाखसा काचपट्ट्या घासत बसली.

दुसऱ्या दिवशी एका शिकाऊ मुलीने पाऊण तास पडून राहिलेली काच उचलून आणली. "डॉक्टरबाई, हिचं काय करू?"

रिझिकीने घड्याळ बघितलं. "ही नस्सोर झाली. फेकून दे."

मुलीने मान डोलावली आणि फेकली. महिनाभरात चारही खोल्यांत तोच शब्द रुळला. बेटावरच्या इतर दवाखान्यांत गेला, तिथून बोटीने उंगुजाला. पुढे दारहून प्रशिक्षणाला आलेला एक तरुण डॉक्टर तिला नम्रपणे म्हणाला, "मॅडम, आमच्याकडेही फार काचा नस्सोर होतात. हा शब्द आला कुठून?"

रिझिकीने त्याच्यासाठी कॉफी ओतली, खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं, चारशे बारा माणसांपासून.