पूजेआधी पुसलेल्या चार वायरी

“दसऱ्यापासून आवाज येतोय, गाडी काही येत नाही.”

दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा पेपरवाल्याला सांगत होते. मी बाबांचा चहा घेऊन जिन्याच्या खिडकीशी थांबले होते. खाली पार्किंगमध्ये बाबा जीपच्या उघड्या बॉनेटपाशी पाठमोरे उभे होते. त्यांनी ऐकलं असणारच. आमच्या सोसायटीत टोमणा मारतात तो ज्याला लागायला हवा त्याला बरोबर ऐकू जाईल अशा बेतानं. त्या रविवारी सकाळी जुन्या गाड्या तोडणारा माणूस जीप न्यायला येणार होता. आणि जीप सुरू का होत नाही, हे सगळ्या कोथरूडमध्ये फक्त मला माहीत होतं.

मी तिसरीत असताना बाबांनी ती एका सरकारी लिलावातून आणली होती. वर ताडपत्री, एकच चालणारा वायपर आणि दोन गिअरचे दांडे. त्यातला छोटा दांडा चिखलात चारही चाकांना जोर द्यायचा. पानशेतच्या पुढे रस्ता संपला की बाबा म्हणायचे, “हं, टाक.” मग मी दोन्ही हातांनी तो दांडा ओढायचे. गाडी एकदा गचका द्यायची आणि शांतपणे वर चढायला लागायची. आजही पेट्रोल आणि ओल्या ताडपत्रीचा वास एकत्र आला की माझे तळहात आपोआप मिटतात.

शाळा कॅम्पातली, इंग्रजी माध्यमाची. वर्गातल्या मुली नव्याकोऱ्या छोट्या गाड्यांमधून उतरायच्या. पाचवीत मी बाबांना सांगितलं, मला कोपऱ्यावरच सोडत जा, तेवढं चालणं होतं. ते “बरं” म्हणाले. पुढची पाच वर्षं त्यांनी न चुकता कोपऱ्यावर गाडी थांबवली आणि कारण कधीच विचारलं नाही.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना बाबांच्या कारखान्यात परदेशी मशिनं आली आणि त्यांच्या खात्यातल्या माणसांना व्हीआरएस मिळाली. बाबा तपासणी विभागात होते. त्यांनी बरोबरची खूण केली की पार्ट पास, पूर्ण सही केली की नापास. एकदा पास झालेला पार्ट पुन्हा टेबलावर यायचा नाही, हा त्यांचा नियम होता. सव्वीस वर्षं तो पाळल्यावर एका सोमवारी ते घरीच राहिले. आई दिवसभर भांडी जरा जपून ठेवत होती. आठवडाभरानं ते म्हणाले, “आता इंजिन उतरवतो.” इंजिन बरीच वर्षं तेल पीत होतं.

कुठलाही मेकॅनिक न बोलावता त्यांनी ते पार्किंगमध्ये उघडलं. वर्तमानपत्रावर पार्ट मांडले, व्हॉल्व्ह स्वतः घासून बसवले. कारखान्यातून आणलेल्या लांबट वहीत प्रत्येक कामाची एक ओळ होती, आणि काम झालं की तिच्यापुढे बरोबरची खूण. इंजिनावर एक काळा डबा असतो, डिस्ट्रिब्युटर. तो चार सिलिंडरांना आळीपाळीनं ठिणगी वाटतो. त्याच्या चार जाड वायरींवर बाबांनी औषधाच्या चिकटपट्टीचे तुकडे लावून आकडे घातले होते.

इंजिन जोडून झालं आणि दुसऱ्या दिवशी दसरा होता. बाबांनी ठरवलं, पूजा करूनच सुरू करायचं. ते मंडईत झेंडू आणायला गेले होते. आई पाटावर पाने-पक्कड, हातोडी, माझा कीबोर्ड असं सगळं मांडत होती. ती म्हणाली, “अगं, इंजिनाला हळद-कुंकू लावायचंय, आणि त्या वायरी बघ कशा काळ्या झाल्यात. जरा पुसून घे.”

मी नुकतीच एका आयटी कंपनीत लागले होते. घरच्या कामात माझा उपयोग होतो असं कुणी म्हटलं की बरं वाटायचं. मी चारही वायरी डब्यावरून उपटल्या, टोकं रॉकेलच्या फडक्यानं लख्ख केली आणि परत लावल्या. वायरींवर आकडे होते, डब्यावर नव्हते. मी एक, दोन, तीन, चार अशा गोल ओळीनं लावल्या. इतकं नीटनेटकं दिसत होतं की मी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. बाबांना सांगायचं मनातही आलं नाही. पुसलेल्या वस्तूंबद्दल काय सांगायचं असतं?

चाकाखाली लिंबू ठेवून बाबांनी किल्ली फिरवली. जीप खोकली, मग कार्ब्युरेटरमधून फाडकन बार निघाला आणि बॉनेटवरची झेंडूची माळ खाली पडली. आजोबा वरून म्हणाले, “दिवाळी अजून लांब आहे हो!”

मग दोन आठवडे तेच. कंपनीच्या बसमधून उतरून मी आत शिरायचे तेव्हा बाबा एकेक गोष्ट वगळत असायचे. पेट्रोल येतंय का, येतंय. ठिणगी पडते का, पडते. कार्ब्युरेटर दोनदा धुतला. वहीत खूण असलेल्या ओळींकडे मात्र ते वळले नाहीत. त्या पास झालेल्या होत्या. शेवटी मन मारून त्यांनी कर्वे रस्त्यावरच्या एका मेकॅनिकला बोलावलं. त्यानं दोन बार ऐकले, हात पुसले आणि म्हणाला, “काका, व्हॉल्व्ह बसले नाहीत नीट. सगळं परत उघडावं लागेल. कोणी केलं होतं काम?”

“मीच,” बाबा म्हणाले.

त्यानं बॉनेट हळूच मिटलं. चिडवलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून बाबा खाली जाईनासे झाले. आईनं भिंतीला खिळा मारायला सांगितला तर म्हणाले, “सुताराला सांग.” गुरुवारी त्यांनी जुन्या गाड्या तोडणाऱ्याला फोन केला.

शुक्रवारी संध्याकाळी घरी कोणी नसताना मी ती वही उघडली. का, ते नीट सांगता येणार नाही. त्या आठवड्यात ट्रेनिंगमधले सर आम्हाला बजावत होते, काल चालणारा प्रोग्राम आज चालत नसेल तर मधे कुणी हात लावला ते आधी शोधा. पण मी काही शोधत नव्हते, बाबांचं अक्षर बघत होते. मधल्या एका पानावर होतं, ‘वायरी: १-३-४-२’. पुढे खूण. मी ती ओळ पुन्हा वाचली. एक, तीन, चार, दोन. ठिणगी आकड्यांच्या ओळीनं जायचीच नव्हती, आणि मी तर वायरी तशाच लावल्या होत्या. माझे कान तापले.

मग शेवटचं पान पाहिलं. ‘व्हॉल्व्ह. चूक माझी.’ खाली त्यांची पूर्ण सही, कारखान्यात नापास पार्टवर करायचे तशी.

तेव्हाच सांगायला हवं होतं. जेवताना मी दोनदा “बाबा” म्हटलं आणि दोन्ही वेळा मीठ मागितलं. शनिवारी वाटलं, गुपचूप वायरी बदलाव्यात. गाडी सुरू होईल, कुणाला काही कळणार नाही. मी खाली गेले, बॉनेटची एक क्लिप काढलीही.

वरून आजोबांचा आवाज आला, “आता मुलीनं घेतलं का हातात? बरं झालं. वडिलांना विश्रांती.”

मी क्लिप परत लावली आणि काहीतरी पडलं होतं ते शोधत असल्यासारखी चाकाजवळ वाकले. वर येताना लक्षात आलं, नुसत्या वायरी बदलून भागणार नव्हतं. गाडी सुरू झाली असती, पण ते शेवटचं पान तसंच राहिलं असतं. बाबांनी आपले हात नापास केले होते आणि ते चुकीच्या माहितीवर केले होते.

तर रविवारी मी चहा घेऊन खाली उतरले. टेम्पो आला होता. जुन्या गाड्या तोडणाऱ्या माणसानं जीपभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ मारली.

“इंजिन गेलंय ना?” त्यानं विचारलं.

“हो,” बाबा म्हणाले. “माझ्याकडून बिघडलं.”

“असू द्या हो काका. हल्ली कोण ठेवतं असल्या गाड्या? दोर लावतो मग.”

पेपरवाला सायकल धरून थांबला होता. आजोबा कठड्यावर पुढे वाकले होते, तळमजल्यावरच्या काकू विळी-भाजी घेऊन दारात बसल्या होत्या. इतक्या लोकांसमोर मी आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं. शाळेत उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी मी. बाबांनी माझ्या हातातून कप घेतला, पण प्यायले नाहीत. तो माणूस पुढच्या बंपरखाली वाकला. दोर लोखंडावरून सरकल्याचा आवाज आला.

“बाबा, त्यांना थांबवा,” मी म्हणाले. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, पण मग तो परत लहान करता आला नाही. “तुमचे व्हॉल्व्ह बरोबर आहेत. पूजेच्या दिवशी पुसायला म्हणून वायरी मी काढल्या होत्या, आणि लावताना एक, तीन, चार, दोनऐवजी एक, दोन, तीन, चार अशा लावल्या.”