आमच्या मंडळाची डोप टेस्ट

मडगार्डच्या आत चिखल साठतो ना, तसे आमच्या सायकल मंडळाचे किस्से साठलेत. वर्षानुवर्षं कुणी लक्ष देत नाही आणि एके दिवशी चाकच फिरेनासं होतं. परवा महाड डेपोसमोर चहा पिताना हमीदभाई म्हणाले, "केमिस्ट, आता लिहून काढ बाबा. मी गेल्यावर लोक काहीच्या बाही सांगतील." म्हणून लिहितोय. यातला एकही शब्द खोटा नाही. थोडासा वाढवलाय, तेवढंच!

केमिस्ट म्हणजे मी. एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्यात माल तपासायच्या लॅबमध्ये होतो. हमीदभाई कुवेतहून परत आलेले, डेपोजवळ सायकलचं दुकान टाकलेले आणि आमच्या मंडळाचे तहहयात अध्यक्ष. निवडणूक कधी झालीच नाही, कारण पंप त्यांचा होता.

आणि तिसरा यशवंत. वरंधचा शेतकऱ्याचा मुलगा, आमच्याच कारखान्यात पॅकिंगला. कंत्राटी. कंपनीची बस वरंधपर्यंत जायची नाही, म्हणून हा रोज सायकलवर यायचा आणि आठ तास काम करून सायकलवरच परत जायचा. आम्ही त्याला प्रॅक्टिस म्हणायचो. तो त्याला "घरी जाणं" म्हणायचा.

* * *

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एक दिवस पेपरात बातमी आली, परदेशातल्या कुठल्याशा मोठ्या शर्यतीत एका टीमच्या गाडीत औषधांचा साठाच सापडला. हमीदभाईंनी ती दुकानात उभं राहून मोठ्यानं वाचली आणि पेपर आपटला.

"एवढ्या महागड्या सायकली, वर इंजेक्शनं! माझ्याकडं पाठवा त्यांना, चेनला ऑइल मारून देतो. निम्मा त्रास तिथंच जाईल!"

यशवंत पंक्चर काढत होता. त्यानं विचारलं, "ती औषधं घेऊन होतं काय पण?"

"दम लागत नाही," मी म्हटलं.

त्यानं ट्यूब पाण्यात बुडवली. "दम नाय लागला, तर घाट चढला ह्ये कळायचं कसं?"

* * *

त्या बातमीचा हमीदभाईंवर भलताच परिणाम झाला. आमच्या महाड-पोलादपूर-महाड शर्यतीच्या पोस्टरवर त्यांनी लाल अक्षरांत छापून टाकलं, 'डोप टेस्ट होईल!'

मी हादरलो. "भाई, माझ्याकडं फक्त लघवीतली साखर बघायच्या पट्ट्या आहेत!"

"ते तुला माहीत. स्पर्धकांना कुठं माहीत हाय?"

शर्यतीच्या दिवशी मी शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून बसलो. स्पर्धक यायच्या आधीच समोर रांग लागली. सात-आठ म्हातारे, प्रत्येकाच्या हातात बाटली. लघवी तपासणी फुकट आहे ही बातमी पोस्टरपेक्षा लवकर पोचली होती. एका आजोबांकडं तर दोन बाटल्या होत्या.

"ही माझी. ही बायकोची. तिचं गुडघं दुखतात, ती यायची नाय. रिपोर्ट आजच देशील ना?"

दुसरीकडं खरे स्पर्धक घामानं इतके सुकून आले होते की एकालाही होईना. कोकम सरबताची पिंपं रिकामी झाली, बक्षीस समारंभ दोन तास लांबला, आणि पाहुणे नळाखाली हात धरून मुलांना पाण्याचा आवाज ऐकवत उभे राहिले.

शेवटी सगळ्यांचे नमुने आले. सगळे स्वच्छ. फक्त एक पट्टी तपकिरी झाली. 'मुलांपुढं आदर्श ठेवायला' म्हणून सकाळी सर्वांत आधी जी बाटली दिली होती, ती हमीदभाईंची!

त्यांनी ते मर्दासारखं घेतलं. "बंदी किती वर्षांची?"

"जन्मभराची. साखरेवर."

* * *

यशवंत दर वर्षी जिंकायचा, त्यामुळं पोलादपूरच्या पोरांना संशय येणं साहजिकच होतं. एका वर्षी त्यांनी लेखी तक्रार केली, की याच्या बाटलीत तपकिरी रंगाचं काहीतरी असतं.

हमीदभाईंनी बाटली जप्त केली. माझ्यासमोर झाकण उघडलं, वास घेतला, एक घोट घेतला, मग दुसरा, मग बाटलीच संपवली.

"कुळथाचं कढण हाय. मीठ थोडं कमी."

पुढच्या वर्षी पोलादपूरची सहाच्या सहा पोरं बाटल्यांत कढण भरून आली. आता कुळीथ काय करतो हे ज्यानं खाल्लंय त्याला सांगायला नको. शर्यतीत पुढच्याच्या मागं चिकटून राहिलं की वारा कमी लागतो. त्या वर्षी मात्र त्या सहा जणांच्या मागं राहायला कुणी तयार होईना. शर्यत इतक्या वेगात आजतागायत झालेली नाही!

* * *

इथपर्यंत सगळी गंमत होती. मग यशवंतची राज्याच्या शर्यतीसाठी निवड झाली. पुण्याला. पहिल्या तिघांत आला तर सर्टिफिकेट, आणि सर्टिफिकेट मिळालं तर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी. त्याचं कंत्राट दर अकरा महिन्यांनी तुटायचं आणि वय काही कुणासाठी थांबत नाही. ही त्याची शेवटची संधी आहे हे आम्हा सगळ्यांना कळत होतं, फक्त कुणी बोलत नव्हतं.

पुण्याहून पत्र आलं. सोबत बंदी असलेल्या औषधांची यादी. तिथं खरी टेस्ट होणार होती, खऱ्या प्रयोगशाळेत. मी यादी वाचत गेलो आणि सहाव्या नंबरखाली पेनानं रेघ मारली.

सर्दीच्या गोळ्यांत जाणारी पांढरी पावडर. आमच्या कारखान्यात तेवढंच बनायचं! आणि यशवंतचं काम काय, तर फावड्यानं ती ड्रममध्ये भरायची. संध्याकाळी घरी जाताना त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या असायच्या. जगभरातले खेळाडू ती चोरून विकत घेत होते, आणि आमच्या पठ्ठ्याला ती हुंगायचा पगार मिळत होता!

रजा मागावी तर कंत्राटदार घरी बसवणार. मी पॅकिंगच्या सुपरवायझरना, मोरेकाकांना, गाठलं. तसे ते फार खडूस. त्यांनी यादी वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "उद्यापासून यशवंत बागेत. गुलाबाला पाणी घालील."

"आणि त्याचे ड्रम?"

"तुला हात नायत?"

तीन आठवडे पॅकिंगच्या पोरांनी पाळीपाळीनं यशवंतचं काम ओढलं. रविवारी मीही फावडं मारलं. स्वतः मोरेकाकांनी मारलं, आणि मला बजावलं, "बाहेर बोललास तर बघ." त्या माणसाला मी आयुष्यभर खडूस म्हणत आलो, त्याची मला आजही लाज वाटते.

पण दैव बघा. पॅकिंगमध्ये कुणाला कधी सर्दी होत नसे, चार वर्षांत यशवंत एकदाही शिंकला नव्हता. बागेत गेल्याच्या आठव्या दिवशी त्याचं नाक गळायला लागलं! आणि सर्दीवर गोळी कुठली? तीच, सहाव्या नंबरची!

मी वरंधला धावलो. त्याच्या आईनं चुलीवर काढा ठेवला होता. मी वही काढून विचारलं, "आई, यात काय काय घातलंय ते सांगा."

"का? माझ्या काढ्यावर वहीम?"

"तसं नाय हो, पुण्याचे लोक तपासतील."

"मग आधी तू पी. तू बी तपासणाराच ना!" तिनं पेला माझ्या हातात दिला. आलं, मिरी, गवती चहा, आणि बाकी काय ते तिलाच ठाऊक. माझ्या कानातून वाफ आली, पण यशवंतचं नाक दोन दिवसांत कोरडं झालं.

* * *

आता शेवटचा किस्सा. निकाल आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखे घाम पुसत बसाल. यशवंत तिसरा आला, रिपोर्ट स्वच्छ आला, आणि आज तो सरकारी खुर्चीत बसतो. पोटही सुटलंय थोडं.

पण हे त्या दिवशी कुणाला माहीत होतं? शर्यत संपली आणि यशवंतला टेस्टला बोलावलं. मॅनेजर म्हणून मी सोबत. वाटेत त्याला दहादा बजावलं, "विचारतील तेवढंच उत्तर दे." निघताना आईनं बजावलं होतं, "खोटं बोलू नको." पठ्ठ्यानं दोन्ही पाळलं.

यशवंत बाटली घेऊन आत जाऊन आला आणि डॉक्टरांसमोर बसला. डॉक्टर करड्या चेहऱ्याचे. फॉर्म भरत, मान वर न करता त्यांनी विचारलं, "गेल्या काही दिवसांत कुठली औषधं घेतलीस?"

"घेत नाय साहेब. बनवतो."

पेन थांबलं. "काय बनवतोस?"

भिंतीवर तीच यादी लावली होती. यशवंत उठला आणि त्यानं सहाव्या नंबरवर बोट ठेवलं. "ह्ये."

डॉक्टरांनी यादीकडं पाहिलं, यशवंतकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी पंख्याकडं पाहायला लागलो.

"आणि हे कोण?"

"ह्ये आमचे साहेब. ड्रम मी भरतो, पास ह्ये करतात." मग त्यानं बाटली टेबलावर ठेवली आणि दोन्ही हातांनी डॉक्टरांकडं सरकवली. "आज बी मीच भरलीय साहेब. फक्त पास तेवढी तुम्ही करा."